तळटीप १७ : हुखेन

१७. हुखेन : डॅन्यूबच्या खोऱ्यातला, साल्मनच्या कुळातला शिकारी मासा, म्हणून त्याला ‘डॅन्यूबचा साल्मन’ही म्हणतात. अमेरिकी किनाऱ्यावरचा पट्टेरी ‘स्ट्राइप्ड बास’ तो हा नव्हे. दोघेही वसंतात अंडी घालायला नदीत वर चढतात. पण बास समुद्रातून येतो, हुखेन जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. तो मीटरभराहून लांब वाढतो. त्याला थंड, वाहते पाणी आणि अंड्यांसाठी खडीचा तळ लागतो. डॅन्यूबकाठच्या इंगोलश्टाट शहराच्या वर-खाली बंधाऱ्यांनी नदी अडली, पाणी संथावले. आज हा मासा दुर्मीळ आहे. त्याला गळाला लावायचा तो हिवाळ्यात, खोल डोहाच्या कडेला. जुने आमिष ‘हुखेनत्सोप्फ’ : शिशाच्या डोक्याला बांधलेल्या चामडी पट्ट्यांचा, पाण्यात वळवळणारा झुपका. बव्हेरियात गळ टाकण्याआधी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. शिवाय त्या-त्या पाण्याची वेगळी परवानगी. विणीच्या काळात हुखेन धरण्यास बंदी असते. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या थांबतात, त्यामागचे शहाणपण हेच. वाचकाने हुखेनवरची ही बंदी जाचक मानू नये; अंडी घालू दिलेला मासाच पुढच्या हिवाळ्यांना पुरतो. – संपा.