हगिन्स, चार्ल्स ब्रेंटन

हगिन्स, चार्ल्स ब्रेंटन (२२ सप्टेंबर १९०१ – १२ जानेवारी १९९७) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद व कर्करोग-संशोधक होते. काही प्रकारचे कर्करोग शरीरातील हॉर्मोनांच्या आधारावर वाढतात आणि तो आधार काढून घेतला किंवा बिघडवला की दूरवर पसरलेला रोगही ओसरू लागतो, हे त्यांनी अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाच्या बाबतीत मोजमापांनिशी सिद्ध केले. या कार्याबद्दल १९६६ सालचे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक त्यांना पेटन राउस यांच्यासमवेत विभागून मिळाले. राउस यांनी कोंबड्यांमधील एका मारक अर्बुदाचे कारण विषाणू असल्याचे १९११ मध्येच दाखवले होते. कर्करोगाचे कारण शोधणारा एक संशोधक आणि त्याच्या वाढीची अट शोधणारा दुसरा, अशी ती जोडी होती.

हगिन्स यांचा जन्म नोव्हा स्कोशा प्रांतातील हॅलिफॅक्स येथे एका औषधविक्रेत्याच्या घरी झाला. अकेडिया विद्यापीठाची पदवी १९२० मध्ये घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व १९२४ मध्ये एम.डी. झाले. मिशिगन विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण पूर्ण केल्यावर १९२७ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या नव्याने उभ्या राहत असलेल्या वैद्यकीय विभागात रुजू झाले आणि पुढची सारी कारकीर्द त्यांनी तेथेच घालवली. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॅलस फेमिस्टर यांनी त्यांच्याकडे मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा विभाग सोपवला, तेव्हा या शाखेचे वेगळे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ठरीव वाट माहीत नसलेल्या माणसाला त्या विषयाकडे शरीरक्रियाविज्ञानाचा प्रश्न म्हणून पाहता आले, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने गैरसोयीची ठरली नाही. १९३३ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले आणि १९३६ मध्ये ते प्राध्यापक झाले.

त्यांचे पहिले लक्षणीय संशोधन कर्करोगावर नव्हते, हाडांवर होते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा कुत्र्याच्या पोटाच्या स्नायूंवरील आवरणात रोपला असता तेथे खरेखुरे हाड तयार होते, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांच्या शेपटीतील मणक्यांत एरवी पिवळी, म्हणजे रक्तपेशी न बनवणारी, अस्थिमज्जा असते; शेपटी वळवून पोटाच्या उबदार पोकळीत ठेवल्यास ती मज्जा तांबडी होऊन रक्तपेशी बनवू लागते, हेही त्यांनी दाखवले. अस्थिनिर्मितीच्या अभ्यासामुळे त्यांचा फॉस्फेटेज या एंझाइमांशी परिचय झाला. एंझाइम म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि फॉस्फेटेज हा संयुगांपासून फॉस्फेट वेगळे करणारा एंझाइमांचा गट होय. लंडनच्या लिस्टर संस्थेतील रॉबर्ट रॉबिसन यांच्याकडे या एंझाइमांचे मापन शिकण्यासाठी ते गेले होते. हाडांसाठी शिकलेली ही विद्या दहा वर्षांनी कर्करोगात कामी येणार होती.

अष्ठीला ग्रंथी ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी असलेली, वीर्यातील काही द्रव पुरवणारी ग्रंथी होय. तो द्रव शुद्ध स्वरूपात आणि मोजता येईल इतका मिळवणे ही मुख्य अडचण होती. हगिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मूत्राशयाचा अष्ठीलेशी असलेला संबंध शस्त्रक्रियेने तोडून लघवीला वेगळी वाट करून दिली, त्यामुळे ग्रंथीचा निखळ स्राव एकाच कुत्र्याकडून महिनोन् महिने गोळा करता येऊ लागला. १९३९ व १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत असे दिसले, की वृषणे काढल्यावर स्राव झपाट्याने आटतो, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन टोचल्यावर तो पूर्ववत होतो आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन दिल्यास पुन्हा दबतो. दोन हॉर्मोनांचे परस्परविरोधी परिणाम किती मात्रेला एकमेकांना तोलतात, हेही आकड्यांत सांगता आले. नेहमीच्या प्रयोगप्राण्यांपैकी कुत्रा हाच असा, की ज्याच्या अष्ठीलेत उतारवयात आपोआप गाठी होतात. प्रयोगाच्या मध्येच अशी गाठ असलेला कुत्रा निघाला, की सुरुवातीला हिशोब बिघडे. पण वृषणे काढल्यावर त्या गाठीही आक्रसतात हे लक्षात आल्यावर असे कुत्रे मुद्दाम शोधले जाऊ लागले. हगिन्स यांच्या साऱ्या कारकिर्दीत कलाटणी देणारा क्षण निवडायचा झाला, तर तो नंतरच्या गाजलेल्या शस्त्रक्रियांपेक्षा इथे शोधावा लागेल.

पुढची पायरी माणसाची होती. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी १९३८ मध्ये असे नोंदवले होते, की अष्ठीलेचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला, की अनेक रुग्णांच्या रक्तरसात आम्लधर्मी फॉस्फेटेजचे प्रमाण वाढते. हे एंझाइम निरोगी अष्ठीलेतही विपुल असते. त्यामुळे रक्तातील त्याचे वाढलेले प्रमाण म्हणजे दूरवर जाऊन बसलेल्या कर्कपेशींच्या कार्याची खूणच ठरे. अल्कधर्मी फॉस्फेटेज मात्र रोगाला तोंड देताना हाड जी नवी बांधणी करते तिचे निदर्शक असते. हगिन्स व त्यांचे तरुण सहकारी क्लॅरन्स हॉजेस यांनी ही दोन्ही मापे हाती घेऊन रोग पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली अथवा त्यांना इस्ट्रोजेन दिले, तेव्हा आम्लधर्मी फॉस्फेटेज घसरले. टेस्टोस्टेरॉन टोचले असता ते वाढले. हा निष्कर्ष १९४१ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या त्याच वर्षी सुरू झालेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या आणखी एका लेखात वृषणे काढलेल्या २१ रुग्णांचा वृत्तांत आला. त्यांपैकी बहुसंख्यांची हाडांची वेदना कमी झाली, भूक परतली आणि वजन वाढले. इस्ट्रोजेनच्या उपचारासाठी लागणारे स्टिलबेस्ट्रॉल हे स्वस्त, तोंडाने घेता येणारे कृत्रिम औषध इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये नुकतेच सिद्ध केलेले होते, हा योगही महत्त्वाचा ठरला.

या शोधाचे नेमके नावीन्य कशात आहे, याविषयी बऱ्याचदा सैलपणे लिहिले जाते. वृषणांचा अष्ठीलेशी संबंध जॉन हंटर यांना अठराव्या शतकातच ठाऊक होता आणि ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढून स्तनाचा पुढारलेला कर्करोग काही स्त्रियांत मागे हटल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु बीटसन यांच्यापाशी हॉर्मोन ही संकल्पना नव्हती आणि परिणाम मोजण्याचे साधनही नव्हते. हगिन्स यांच्याकडे दोन्ही होती. कर्कपेशी शरीराच्या सर्व नियंत्रणांतून सुटलेली, स्वयंशासित असते, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांनी रक्ताच्या चाचणीतील आकड्यांनी मोडली. उपचाराला कर्करोग कसा प्रतिसाद देतो हे रक्तातील एका घटकावरून ठरवण्याची पद्धतही येथूनच रुजली. आज आम्लधर्मी फॉस्फेटेजची जागा पीएसए या प्रथिनाच्या चाचणीने घेतली आहे. कर्करुग्णांना टेस्टोस्टेरॉन टोचून रोगाचा चढता आकडा पाहणे आजच्या नैतिक समित्यांपुढे सहज संमत होणारे नाही, हेही नमूद करणे योग्य होईल.

सुधारणा कायमची नसे. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढी. वृषणे गेल्यावरही शरीरात पुरुषी हॉर्मोने कोठून येतात, या प्रश्नाचे उत्तर हगिन्स यांनी मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींत शोधले. १९४५ मध्ये विल्यम स्कॉट यांच्यासह त्यांनी काही रुग्णांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढल्या. परंतु या ग्रंथींवाचून शरीर तगवण्याचे पुरेसे साधन उपलब्ध नसल्याने तो प्रयत्न फसला. कॉर्टिसोन वापरात आल्यानंतर, १९५१ पासून, डेल्बर्ट बर्गेनस्टाल यांच्यासह त्यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा हाती घेतली, तेव्हा रुग्ण तगले आणि स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत रोग लक्षणीय प्रमाणात ओसरला. अष्ठीलेच्या रोगात मात्र लाभ मर्यादित राहिला. आयुष्यभर कॉर्टिसोनवर अवलंबून ठेवणारी ही शस्त्रक्रिया पुढे औषधांमुळे मागे पडली.

१९५१ मध्येच अलाबामातील मोबील येथील व्यापारी बेन मे यांच्या देणगीतून शिकागो विद्यापीठात बेन मे कर्करोग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १९६९ पर्यंत हगिन्स तिचे संचालक होते. तत्पूर्वी पॉल तालालाय यांच्यासह त्यांनी फॉस्फेटेज मोजण्यासाठी अशी संयुगे वापरात आणली होती, की एंझाइमने ती फोडली की द्रावणाला रंग चढावा. रंगाच्या गडदपणावरून एंझाइमचे प्रमाण कळे. ही युक्ती पुढे प्रयोगशाळांत सर्वत्र रुळली. १९४७ मध्ये शिकागोत आलेले रसायनज्ञ एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून १९५० च्या दशकाअखेर इस्ट्रोजेन ग्राहीचा, म्हणजे हॉर्मोन ज्याला जाऊन चिकटते त्या पेशीतील प्रथिनाचा, माग काढला. स्तनाच्या कोणत्या गाठीला हॉर्मोन-उपचार लागू पडेल हे आधी सांगता येऊ लागले ते या कामामुळे, आणि त्यामुळे अनेक स्त्रिया निष्फळ शस्त्रक्रियांतून वाचल्या. जेन्सन हेच हगिन्स यांच्यानंतर प्रयोगशाळेचे संचालक झाले.

स्तनाच्या कर्करोगासाठी प्रयोगक्षम प्राणी मिळवून देणे, हे हगिन्स यांचे उत्तरकालीन मोठे काम होय. स्प्रेग-डॉली जातीच्या, सुमारे ५० दिवस वयाच्या उंदरीला डीएमबीए या हायड्रोकार्बनाची एकच मात्रा तोंडाने दिली, तर थोड्याच आठवड्यांत तिच्या स्तनग्रंथीत हमखास गाठी होतात, असे त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. अंडाशय काढल्यास यांतील बहुतेक गाठी विरतात. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन एकत्र, मोठ्या मात्रेत दिल्यासही अनेक गाठी नाहीशा होतात. म्हणजे हॉर्मोन हिरावून घेणे हा एक मार्ग आणि हॉर्मोनाचा अतिरेक करून पेशीचे गणित बिघडवणे हा दुसरा, अशी मांडणी त्यांनी नोबेल व्याख्यानात केली. १९७० च्या दशकात टॅमॉक्सिफेन या औषधाचा कर्करोगविरोधी गुण याच उंदरांवर तपासला गेला. त्याच दशकात ए. हरी रेड्डी या भारतीय वंशाच्या जीवरसायनज्ञाबरोबर काम करून हगिन्स यांनी खनिजे काढून टाकलेल्या हाडाच्या सांगाड्यापासून नवे हाड कसे टप्प्याटप्प्याने घडते, याचाही अभ्यास केला.

त्यांना १९६३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९७२ ते १९७९ या काळात ते आपल्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती होते. त्यांचे निधन शिकागो येथे झाले.

हगिन्स यांच्या उपचाराचे तत्त्व टिकले, साधने बदलली. स्टिलबेस्ट्रॉलच्या मोठ्या मात्रेने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढतात, असे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या तुलनात्मक चाचण्यांतून दिसल्याने ते मागे पडले. १९८० च्या दशकात पोष ग्रंथीमार्फत वृषणांचे कार्य थांबवणारी इंजेक्शने आली, तरी ती महाग असल्याने भारतासारख्या देशांत वृषणे काढण्याची साधी शस्त्रक्रिया अजूनही केली जाते. अधिवृक्क ग्रंथी काढण्यामागचा त्यांचा तर्कही वाया गेला नाही. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेले ॲबिरॅटरोन हे औषध वृषणांबरोबरच अधिवृक्क ग्रंथींतील आणि खुद्द गाठीतील पुरुषी हॉर्मोनांची निर्मितीही रोखते, आणि वृषणे निकामी केल्यानंतर उलटलेल्या रोगात त्याने रुग्णांचे आयुष्य वाढते.