हळदीचं पेटंट आणि आपली वही

विळीवर बोट कापलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. हे आपल्याला आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. पण 1995 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट मिळालं! पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठरावीक वर्षांचा हक्क. तेवढ्या काळात मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला तो शोध धंद्यासाठी वापरता येत नाही.

विद्यापीठाने आपल्या संशोधनावर हक्क घेणं गैर नाही. असा हक्क कारखान्याला वापरायला देऊन कितीतरी शोध लोकांपर्यंत पोचतात. पण शोध नवा हवा. हळदीत नवं काय होतं?

आपल्या देशाच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेने 1996 मध्ये हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे महासंचालक होते. ‘आमच्या घरोघरी हळद लावतात’ एवढं सांगून भागणार नव्हतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरत नसत, छापील पुरावा लागे. मग जुन्या ग्रंथांतले दाखले आणि 1953 साली एका भारतीय वैद्यकीय मासिकात छापलेला लेख पुढे ठेवला. 1997 च्या ऑगस्टमध्ये पेटंट कार्यालयाने विद्यापीठाचे दावे फेटाळले. आजीच्या हळदीला कागदाने वाचवलं.

आपल्या नागपुरात पेटंटची माहिती देणारी सरकारी यंत्रणा 1980 पासून आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हा हक्क एकट्याचा नसतो, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. मात्र ते नाव वापरायला प्रत्येकाला आपली नोंद करावी लागते.

म्हणून आपल्या गटांनी दोन गोष्टी लक्षात ठेवू या. जुनं ज्ञान, म्हणजे बियाणं, औषधं, वाळवणाच्या रीती, गावाचं नाव आणि तारीख घालून वहीत लिहू या. पुढे ते छापूनही आणू या. पण गटातल्या कुणी नवं यंत्र किंवा नवी पद्धत शोधली, तर पेटंटचा अर्ज होईपर्यंत ती प्रदर्शनात मांडायची नाही. एकदा सगळ्यांना दाखवलं, की ‘नवं’ म्हणून हक्क मागणं अवघड होतं.

जुनं लिहून ठेवायचं, नवं आधी नोंदवायचं. पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीशेजारी ही दुसरी वहीही ठेवू या.