अर्जाआधीची नोंदवही

इमेजिंग केंद्राच्या मानांकनाला उशीर झाला की बोट हमखास तपासणाऱ्या संस्थेकडे वळते. अमेरिकेतल्या मॅमोग्राफी केंद्रांचा इतिहास पाहिला तर उशिराचा मोठा भाग केंद्राच्या आतच, तोही अर्ज करण्याच्या कितीतरी आधी, जन्माला येतो असे दिसते. 1980 च्या दशकात तिथे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा झपाट्याने प्रसार झाला. पण 1985 च्या देशव्यापी पाहणीत चित्रांचा दर्जा आणि रुग्णाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा या दोन्हींत केंद्रागणिक मोठी तफावत आढळली. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 1987 मध्ये ऐच्छिक मानांकन सुरू केले. 1992 मध्ये त्याविषयीचा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1994 पासून अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) प्रमाणपत्राशिवाय मॅमोग्राफी करण्याला बंदी आली.

या मानांकनात मागितले काय जात होते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. यंत्राच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या पदव्या जोडणे हा सोपा भाग झाला. खरी परीक्षा फँटमची आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या फिल्मची असे. फँटम म्हणजे स्तनाऐवजी यंत्राखाली ठेवायचा ठोकळा. त्यात सहा तंतू, ठिपक्यांचे पाच पुंजके आणि पाच गाठी दडवलेल्या असत. उत्तीर्ण व्हायला किमान चार तंतू, तीन पुंजके आणि तीन गाठी दिसाव्या लागत, आणि मात्राही एका चित्रामागे 3 मिलिग्रेच्या आत हवी असे. रुग्णांच्या फिल्म केंद्राने स्वतःच निवडून पाठवायच्या असत. म्हणजे आपले उत्तमातले उत्तमच पुढे करायची मुभा होती, तरी कित्येकांना पहिल्या फेरीत नापास व्हावे लागले. कारण फिल्मचा दर्जा डार्करूममधल्या, फिल्म धुणाऱ्या प्रोसेसरवर अवलंबून, आणि प्रोसेसरची चाचणी रोज सकाळी रुग्ण येण्याआधी व्हायची. फँटमचे चित्र ठरावीक अंतराने, वाया गेलेल्या फिल्मचा हिशेब दर तिमाहीला. अशा नोंदी मागाहून बसून भरता येत नाहीत. भरल्याच, तर त्या खोट्या असतात आणि जाणकार भौतिकतज्ज्ञाला आलेख पाहताच कळतात. अर्ज करायचे ठरल्यावर जो पहिली वही उघडतो, त्याचा उशीर त्याच दिवशी ठरून जातो.

यावर कोणी म्हणेल की गर्दी झाली की तपासणारेही तुंबतात. खरेच आहे. अंतरिम नियम डिसेंबर 1993 मध्ये निघाले, मुदत पुढच्या ऑक्टोबरची, आणि केंद्रे सुमारे 10,000. मात्र ही कोंडी फोडण्यासाठी तपासणी सैल केली गेली नाही. अर्ज रीतसर स्वीकारला गेलेल्या केंद्राला सहा महिन्यांचे तात्पुरते प्रमाणपत्र देण्याची सोय झाली, म्हणजे छाननी चालू असताना काम थांबत नसे. तपासणाऱ्याच्या दिरंगाईवर कायद्यात तोड काढता आली. केंद्राच्या रिकाम्या वहीवर तशी तोड नव्हती, आणि असूही नये. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एवढ्या कागदपत्रांनी लहान गावांतली केंद्रे बंद पडतील. तसे झाले असते तर दर्जाची किंमत बायकांनीच मोजली असती. पण अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 1997 च्या अहवालात कायद्यामुळे दर्जा सुधारला, आणि तपासणी मिळण्यावर फारसा विपरीत परिणाम झाला नाही, असेच नोंदवले.

भारतात क्ष-किरण यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना सक्तीचा आहे, आणि त्यासाठी यंत्राची गुणवत्ता-चाचणी, कर्मचाऱ्यांना मिळणारी मात्रा मोजणारे टीएलडी बॅज यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. एनएबीएच या आरोग्यसेवांच्या राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन त्याच्यापुढची, ऐच्छिक पायरी. 1994 सारखी तारीख इथे कोणी डोक्यावर ठेवलेली नाही; अर्ज कधी करायचा हे केंद्रच ठरवते. तेव्हा यंत्र बसवल्याच्या दिवसापासून वही सुरू करा आणि काही महिन्यांच्या सलग नोंदी हाती आल्यावरच अर्ज भरा.