कान्हेरीचा जुना वाटाड्या

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून सहा-सात किलोमीटर आत गेले की झाडीतून काळ्या खडकाचा एक प्रचंड उतार वर येताना दिसतो. हाच कृष्णगिरी, शिलालेखांतला ‘कण्हगिरी’, आपला कान्हेरी. इसवी सनाच्या प्रारंभाच्या आगेमागे येथे छिन्नी चालू लागली आणि जवळजवळ हजार वर्षे भिक्षूंची वस्ती राहिली. या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. आमच्या धर्मग्रामातील वीस-बावीस मंडळी एका अभ्यासू तरुण मार्गदर्शकाबरोबर ती पायी पाहावयास गेली.

त्याने आरंभ मूर्तींपासून केला नाही, पाण्यापासून केला. बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके आहे आणि उतारावर पडणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळींतून त्यात उतरते. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी पोढी दान केली, कोणी निवासाची खोली, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कायम ठेव. दाते कोण? कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापारी, सोनार, लोहार, आणि कितीतरी स्त्रिया. सोपारा म्हणजे आपल्या वसईशेजारचे नालासोपारे! ही गावे कान्हेरीला पोसत होती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती बिशप असल्याचे लिहिले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर कान्हेरीला दान देणाऱ्या बाजारपेठेत त्या काळी ख्रिस्ती कुटुंबेही होती.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याशी, म्हणजे चैत्यगृहाशी, आम्ही सर्वाधिक थांबलो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दोघा व्यापारी भावांच्या दानातून हे काम झाले. पडवीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. आत चौतीस खांब, मधली उंच जागा, दोन्ही बाजूंना अरुंद मार्ग, अर्धवर्तुळाकार शेवट आणि तेथे स्तूप. मांडणी पाहून कोणाही ख्रिस्ती माणसाला जुन्या बॅसिलिकेची आठवण व्हावी. सोळाव्या शतकात ती फ्रान्सिस्कन मठवाशांनाही झाली असावी. मंडपेश्वरचे शैव लेणे त्यांनी चर्चसाठी घेतलेच. या चैत्यगृहातही त्यांनी संत मायकलचे चर्च केले, असे जुन्या नोंदी सांगतात.

येथे मार्गदर्शकाने माझ्या झग्याकडे एकदा पाहिले आणि तो पुढे सरकला. मीच त्याला थांबवून सगळे सांगावयास लावले. दुसऱ्याचे प्रार्थनास्थळ राज्यकर्त्याच्या बळावर आपले करून घेणे ही अभिमानाची गोष्ट नव्हे, आणि आपल्या मुलांनी ती गाइडच्या तोंडून अर्धवट ऐकण्यापेक्षा पुरती ऐकलेली बरी.

याच काळातली एक दुसरी गोष्ट मात्र मार्गदर्शकालाही ठाऊक नव्हती. गोव्याच्या दफ्तराचा रक्षक आणि इतिहासकार दियोगो दो कोउतो याने साष्टीतील या लेण्यांविषयी माहिती गोळा केली. (साष्टी म्हणजे आपले हे उत्तर मुंबईचे बेट, गोव्याची साष्टी नव्हे.) हे कोणी कोरले, असे एका म्हाताऱ्या स्थानिक माणसाला विचारता उत्तर मिळाले की संत जोसाफतच्या बापाने, मुलाला जगापासून दूर वाढविण्यासाठी. १६१२ साली छापलेल्या ग्रंथात कोउतोने हे देऊन वर आपला तर्क जोडला: हा जोसाफत म्हणजेच येथील लोक ज्याच्या अद्भुत कथा सांगतात तो बुद्ध असावा.

हा जोसाफत कोण? १६२३ साली हुतात्मा झालेला बिशप जोसाफत वेगळा. हा कथेतला भारतीय राजपुत्र. बाप त्याला जरा-व्याधी-मरण दिसू नये म्हणून महालात कोंडतो. तरी ती त्याला दिसतातच. पुढे बर्लाम नावाचा तपस्वी त्याला ख्रिस्ताची ओळख करून देतो व तो राज्य सोडतो. मध्ययुगात ही कथा युरोपभर वाचली जाई, आणि रोमन हुतात्मावलीत या दोघांचा दिवस २७ नोव्हेंबर असे. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी सिद्ध केले की ही सिद्धार्थ गौतमाचीच कथा. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबीत ‘बुदासफ’ झाला, एका नुक्त्याच्या फरकाने ‘युदासफ’ झाला, जॉर्जियन व ग्रीकमधून लॅटिनमध्ये ‘जोसाफत’ होऊन बसला.

कोउतोला हे उलट वाटले. बुद्धकथा ही आपल्या संताची विसरलेली आठवण, असा त्याचा कल. संताचे नाव म्हाताऱ्याच्या तोंडचे की कोउतोच्या लेखणीचे, हाही प्रश्न उरतो. माझ्या मते म्हाताऱ्याने राजपुत्राची गोष्ट सांगितली असावी आणि नाव कोउतोने ओळखले असावे. पण ही ओळख पटविणारी जागा विद्यापीठ नव्हते, बोरिवलीचा डोंगर होता.

वर नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावे तेथे कोरली. तेथवर चढण बरीच आहे, वृद्धांनी बेताने जावे. उद्यान सोमवारी बंद असते. पाणी बरोबर न्यावे, आणि चैत्यगृहाच्या पडवीत घाई करू नये.