क्रॉसओव्हर फायटिंग गेममधील पात्रनिवड

निरनिराळ्या व्हिडिओ गेम, चित्रकथा किंवा चित्रपट यांतील पात्रे एकाच खेळात आणून त्यांची परस्परांशी लढत लावणाऱ्या प्रकारास क्रॉसओव्हर फायटिंग गेम असे म्हणतात. अशा खेळात खेळाडू ज्या पात्राचे नियंत्रण करतो त्यास खेळपात्र, तर सर्व खेळपात्रांच्या संचास पात्रसूची म्हणतात. या सूचीत पुढे कोणाची भर पडावी याची कल्पना करणे, त्या पात्राचे डाव, पेहराव व रणांगण योजणे आणि त्याची चित्रे काढणे हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. या सूचीत भारतीय पात्रे आजवर अल्प राहिली असून जी आली ती बहुधा भारताबाहेर कल्पिलेली आहेत. प्रस्तुत लेखात पात्रनिवडीची पद्धत, भारतीय पात्रांचा इतिहास आणि महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक परिसरातील कथाद्रव्य यांचा विचार केला आहे.

उगम व विकास

जपानमधील कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) या खेळाने दोन खेळाडूंच्या समोरासमोरील लढतीचा साचा रूढ केला. त्यातील आठ खेळपात्रे वेगवेगळ्या देशांची प्रतिनिधी म्हणून योजली होती. एसएनके कंपनीने 'द किंग ऑफ फायटर्स ९४' (१९९४) मध्ये 'फेटल फ्युरी', 'आर्ट ऑफ फायटिंग', 'इकारी वॉरियर्स' आणि 'सायको सोल्जर' या आपल्याच चार खेळांतील पात्रे एकत्र आणून तीन-तीन जणांचे देशवार संघ केले. त्या आठ संघांत भारताचा संघ नव्हता. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' (१९९६) पासून अमेरिकन चित्रकथांतील नायक व व्हिडिओ गेममधील योद्धे एकमेकांसमोर उभे राहू लागले.

या प्रकारातील सर्वांत विस्तृत पात्रसूची निन्टेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' मालिकेची मानली जाते. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी आरंभी निन्टेंडोच्या एकाही पात्राविना केलेल्या नमुना खेळातून ती विकसित झाली. १९९९ मधील पहिल्या खेळात १२ पात्रे होती. २०१८ मध्ये आलेल्या 'अल्टिमेट' या आवृत्तीत ऑक्टोबर २०२१ पर्यंत ती संख्या ८९ झाली. या मालिकेत प्रतिस्पर्ध्याची शक्ती शून्यावर आणण्याऐवजी त्याला रणांगणाबाहेर फेकायचे असते. त्यामुळे उडी, तरंगणे आणि मंचाच्या कडेला परत येणे ही कौशल्ये प्रहाराइतकीच महत्त्वाची ठरतात.

नवे पात्र कसे ठरते

लोकप्रियता हा निवडीचा एक निकष असला तरी तो एकमेव नाही. निन्टेंडोने एप्रिल ते ऑक्टोबर २०१५ या काळात 'स्मॅश बॅलट' नावाने चाहत्यांची मते मागविली. त्यानंतर प्रत्यक्षात आणणे शक्य असलेल्या पात्रांपैकी 'बेयोनेटा' निवडण्यात आली. 'किंगडम हार्ट्स' या खेळातील सोरा हे पात्र मतदानात अग्रस्थानी होते, हे साकुराई यांनी २०२१ मध्ये सोराचा समावेश करताना सांगितले. अग्रस्थानी असूनही सोराला सहा वर्षे थांबावे लागले. स्क्वेअर एनिक्स व डिस्ने या दोन कंपन्यांशी त्याचे हक्क निगडित आहेत. पात्राचा जन्म व्हिडिओ गेममध्येच झालेला असावा, असा या मालिकेचा दंडकही आहे. त्यामुळे केवळ कादंबरी किंवा चित्रपटातून परिचित असलेला नायक तेथे कितीही लोकप्रिय असला तरी अपात्र ठरतो. वॉर्नर ब्रदर्सच्या 'मल्टिव्हर्सस' (२०२२) मध्ये असा दंडक नव्हता. व्यंगपटांतील व चित्रपटांतील पात्रे तेथे सरसकट होती. तो खेळ मे २०२५ मध्ये बंद झाला.

यंत्राच्या मर्यादाही निर्णायक असतात. दोघे मिळून एक पात्र असलेले 'आइस क्लाइंबर्स' हातातील यंत्राची क्षमता अपुरी पडल्यामुळे २०१४ च्या आवृत्तीतून वगळले गेले. 'माइनक्राफ्ट'मधील स्टीव्ह हा लढता लढता जमीन खणतो व ठोकळे रचतो. त्याच्यासाठी २०२० मध्ये आधीची सर्व रणांगणे दुरुस्त करावी लागली.

याहून मूलभूत अट डावांची असते. बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रचौकटी या गतीने चालतात आणि प्रत्येक डावाचे तीन भाग पडतात : वार सुरू होईपर्यंतच्या चौकटी, वार लागू शकतो त्या चौकटी आणि सावरण्याच्या चौकटी. जो वार दूरवर पोहोचतो त्याला सावरायला वेळ लागला पाहिजे. जो झटकन होतो त्याचा आघात हलका असला पाहिजे. चाहत्यांनी कल्पिलेली बहुतेक पात्रे येथेच अडखळतात. त्यांत सामर्थ्यांची लांबलचक यादी असते, उणिवेला मात्र जागा नसते. ज्याला हरवता येत नाही ते खेळपात्र होऊ शकत नाही. ही अट तांत्रिक दिसते. पण पुढे पाहिल्याप्रमाणे भारतीय कथांच्या बाबतीत ती सांस्कृतिक प्रश्न उभा करते.

भारतीय पात्रे

'स्ट्रीट फायटर २' मधील धालसिम हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध भारतीय. तो योगी आहे, योगसामर्थ्याने हातपाय लांबवितो आणि तोंडातून अग्नी सोडतो. त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ असते. त्या साथीत दगावलेल्या त्याच्या गावातील मुलांच्या आहेत, असे कथेत सांगितले आहे. स्वभावाने तो शांतताप्रिय असून गावासाठी पैसा उभा करण्याकरिता लढतो. 'धालसिम' हे नाव कोणत्याही भारतीय भाषेत रूढ नाही. त्याच्या मुलाचे नाव मात्र दत्त आहे, ही गोष्ट मराठी खेळाडूंना विशेष गमतीची वाटते. खेळाच्या दृष्टीने धालसिम उत्तम रचना मानला जातो. लांबलेला हात शत्रूपर्यंत पोहोचतो तसा स्वतःही माराच्या टप्प्यात येतो, त्यामुळे त्याचे बळ आणि त्याची उणीव एकच असते. 'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) मध्येही तो आरंभापासून आहे.

निन्टेंडोच्या 'पंच-आउट' (१९८७) मधील ग्रेट टायगर हा मुष्टियोद्धा मुंबईचा असल्याचे दाखविले आहे. तो खेळपात्र नसून प्रतिस्पर्धी आहे. ठोसा मारण्यापूर्वी त्याच्या फेट्यातील रत्न चमकते आणि त्यावरून खेळाडूला सावध होता येते. 'स्ट्रीट फायटर ईएक्स' मालिकेत दारुन मिस्टर नावाचा भारतीय मल्ल आहे. फेटा, योग आणि चमत्कार यांच्यापलीकडे जाणारा तो एक अपवाद म्हणता येईल. पण कुस्तीची सशक्त परंपरा असलेल्या देशातून या प्रकारात आलेले मल्ल अगदीच मोजके आहेत.

देवदेवतांचा प्रश्न

भारतीय पात्र सुचविताना पुराणांतील देवतांची नावे प्रथम पुढे येतात. अमेरिकेतील हाय-रेझ स्टुडिओजच्या 'स्माइट' या खेळात जगभरच्या पुराणकथांतील देवता एकमेकांशी लढतात. तो काटेकोर अर्थाने फायटिंग गेम नसला तरी प्रश्न तोच आहे. त्यातील कालीच्या समावेशाला २०१२ मध्ये अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी आक्षेप घेतला. पूजनीय देवतेच्या हालचाली खेळाडूच्या हाती असणे अनुचित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काली खेळात कायम राहिली.

या आक्षेपाचा विचार करताना महाराष्ट्रातील विधिनाट्ये लक्षात घेणे उपयुक्त ठरते. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर हा भाग आणि लगतच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा येथे आदिवासी समाजात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. यास काही ठिकाणी भोवाडा किंवा आखाडी असेही म्हणतात. संबळ व सनईच्या तालावर गणपती, रावण, नरसिंह, भीम, वेताळ, त्राटिका अशी सोंगे एकामागून एक रात्रीच्या उजेडात नाचत येतात. रामायण, महाभारत, पुराणे आणि स्थानिक दैवते या वेगवेगळ्या कथाविश्वांतील पात्रे येथे एकाच वाटेवर येतात. ठरावीक सोंग घेण्याचा मान ठरावीक घराण्याकडे असतो आणि मुखवट्याची पूजा होते. अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते.

याचा अर्थ माणसाने देवतेचे रूप घेऊन लढणे परंपरेला अमान्य नाही. भेद अन्यत्र आहे. बोहाड्यात युद्धाचा निकाल ठरलेला असतो, देवीच जिंकते. फायटिंग गेममध्ये निकाल ठरलेला असून चालत नाही. तेथे देवीला दहा वर्षांच्या मुलाच्या हातून हरावे लागते आणि लगेच पुढच्या फेरीत पुन्हा उभे राहावे लागते. भाविकाला खटकणारी गोष्ट ही असावी, असे म्हणता येते. पात्रे एकत्र येतात एवढ्यावरून बोहाड्याला क्रॉसओव्हरचे पूर्वरूप म्हणणे मात्र ताणलेले ठरेल. तो विधी आहे, स्पर्धा नव्हे. भारतात धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा दंडनीय अपराध असून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये त्याची तरतूद आहे. त्यामुळे येथील निर्माते या बाबतीत सावध असतात.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : अॅन एन्शंट एपिक' (२०२०) या खेळाने यावर सुबक तोड काढली आहे. त्याची नायिका राजी ही डोंबाऱ्याप्रमाणे कसरती करणारी मर्त्य मुलगी आहे. महाबलासुराच्या सैन्याने पळवून नेलेल्या आपल्या भावाला, गोलूला, सोडविण्यासाठी ती निघते. दुर्गा व विष्णू हे निवेदक आहेत. ते तिच्याकडे पाहतात, तिच्याविषयी बोलतात आणि तिला शस्त्रे देतात. पडणारी, मरणारी आणि पुन्हा उठणारी राजी असते. या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. पुढे 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. व्हिडिओ गेममध्येच जन्मलेली, त्रिशूळ व धनुष्य वापरणारी, खांबांचा आधार घेऊन वार करणारी राजी 'स्मॅश'चा दंडकही पूर्ण करते. महाराष्ट्रात घडलेल्या पात्रांपैकी क्रॉसओव्हरसाठी सर्वांत सिद्ध असे नाव तिचेच आहे.

नाशिक परिसरातील कथाद्रव्य

नव्या पात्राची कल्पना करताना नाशिकशी निगडित दोन विषय विशेष विचारार्ह आहेत. पहिला मल्लखांबाचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख आढळतो. आधुनिक काळात तो पुन्हा रूढ करण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातील बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. आख्यायिकेनुसार निजामाच्या राज्यातील अली व गुलाब या मल्लांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. बाळंभटांनी मुदत मागून घेतली व वणीजवळील सप्तशृंगगडावर अनुष्ठान केले. तेथे हनुमंताने लाकडी खांबावर कुस्तीचे डाव शिकविले, असे कथा सांगते. अपरिचित आव्हानवीर, मुदत, डोंगरावरील साधना आणि पुनरागमन ही मांडणी कोणत्याही फायटिंग गेमच्या कथेत चपखल बसेल अशी आहे.

डावांच्या दृष्टीनेही मल्लखांब संपन्न आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा या प्रकारांत शरीर खांबाभोवती वळते, उलटे होते व सुटते, आणि बाह्याकृतीवरूनच पात्र ओळखू येते. अडचण एवढीच, की पुरलेला मल्लखांब जागचा हलत नाही, तर लढवय्याला सतत फिरावे लागते. 'स्मॅश'मधील व्हिलेजर हा लढत चालू असताना रोप लावतो, त्यास पाणी घालून वाढवितो आणि ते झाड तोडून शत्रूवर पाडतो. त्याच धर्तीवर मल्लखांबपटूला एक खांब तात्पुरता रोवता येईल. खांबाजवळ तो प्रबळ व खांबापासून दूर दुबळा राहील, म्हणजे धालसिमप्रमाणेच बळ व उणीव एकाच ठिकाणी येतील. शत्रूलाही तो खांब पाडता आला पाहिजे. दोरीचा मल्लखांब घेतल्यास मंचाबाहेर फेकले गेल्यावर कडेला परत येण्याची सोय होते. नाशिक शहरात यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी मल्लखांब आजही शिकविला जातो, त्यामुळे हालचालींचा अभ्यास चित्रांवरून न करता प्रत्यक्ष पाहून करता येण्यासारखा आहे. शस्त्र द्यायचेच झाल्यास मर्दानी खेळातील दांडपट्टा उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

दुसरा विषय शूर्पणखेचा असून तो अधिक नाजूक आहे. लक्ष्मणाने तिचे नाक येथे कापले म्हणून 'नासिका' या शब्दावरून शहराला नाव पडले, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती आहे. नऊ शिखरांवरून नाव आल्याचेही सांगितले जाते. तपोवनात हा प्रसंग भाविकांना दाखविला जातो. शूर्पणखा इच्छेनुसार रूप पालटणारी आहे, तिची पूजा प्रचलित नाही आणि तिच्या पराभवाने कोणाची श्रद्धा दुखावत नाही. त्यामुळे वर सांगितलेली अडचण तिच्या बाबतीत जवळजवळ उरत नाही. दोन रूपे व दोन डावसंच असलेली पात्रे या प्रकारात नवी नाहीत. परंतु तिचे विद्रूप होणे हा ज्या कथेचा कणा आहे, तिला केवळ कुरूप राक्षसी म्हणून विनोदासाठी उभे करणे, हे धालसिमच्या कवट्यांपेक्षाही ओबडधोबड ठरेल. कापलेले नाक दाखवावे की लढत त्या प्रसंगापूर्वीची मानावी, हा निर्णय कल्पना मांडणाऱ्याला आधीच घ्यावा लागतो, कारण पात्राचा चेहरा त्यावरच ठरतो.

हक्कांची बाजू

पुराणपात्रांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. मराठी साहित्यातील पात्रांचे तसे नाही. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. नाथमाधव यांचे निधन १९२८ मध्ये झाल्यामुळे त्यांचा 'वीरधवल' आता सर्वांना खुला आहे. बाबुराव अर्नाळकर १९९६ मध्ये निवर्तले. त्यांचे झुंजार व काळा पहाड यांना २०५६ च्या अखेरपर्यंत हक्कधारकांच्या परवानगीविना कोणत्याही खेळात उतरविता येणार नाही.