पहिलारू घोडीचे वेत

पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या घोडीला पहिलारू घोडी म्हणतात. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा, म्हणजे सरासरी ३४० दिवसांचा असतो. मात्र ३२० ते ३६५ दिवसांपर्यंतचा फरक स्वाभाविक मानला जातो. त्यामुळे केवळ तारखेवर विसंबून वेताची तयारी करता येत नाही.

गर्भात असताना शिंगराला आईच्या रक्तातून प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती जन्मानंतर चिकातूनच मिळतात. म्हणून वेतापूर्वी ४ ते ६ आठवडे घोडीला धनुर्वाताची लस देतात आणि विण्याच्या जागी तिला निदान महिनाभर आधी आणून ठेवतात, म्हणजे तेथील रोगजंतूंविरुद्धची प्रतिपिंडे चिकात उतरतात. महाराष्ट्रात भीमथडी घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांसोबत फिरणाऱ्या धनगर कुटुंबांना जागेची ही अट पाळणे अवघड असते. लसीकरण मात्र वाटेतही करून घेता येते.

जागा सुमारे १२ × १४ फूट, कोरडी व हवेशीर असावी. खाली पेंढा अंथरतात; लाकडाचा भुसा ओल्या शिंगराच्या नाकपुड्यांना चिकटतो.

पहिलारू घोडीला कासेला होणारा स्पर्श अपरिचित असतो. शिंगरू तोंड लावू लागताच काही घोड्या लाथ मारतात, काही त्याला जवळच येऊ देत नाहीत, आणि चीक मिळण्याचा मोलाचा वेळ निघून जातो. यासाठी शेवटच्या महिन्यात तिच्या पोटाला, मांड्यांना व कासेला रोज हळुवार हात लावण्याची सवय करतात. हे काम तिच्या नेहमीच्या माणसानेच केलेले बरे.

एरवी वेतापूर्वी दोन ते चार आठवडे कास भरू लागते व अखेरीस सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात. पहिलारू घोडीत ही लक्षणे उशिरा किंवा अत्यल्प दिसू शकतात. शिवाय बहुतेक वेते रात्री होतात. तेव्हा पहाऱ्याला पर्याय नाही.

पाणमोट फुटल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर येते. प्रथम पांढुरके आवरण दिसायला हवे. त्याऐवजी मखमलीसारखी तांबडी पिशवी दिसल्यास वार अवेळी सुटली आहे असे समजावे. शिंगराचा प्राणवायू तुटत असल्याने पशुवैद्याची वाट न पाहता ती पिशवी तत्काळ कापावी लागते.

शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत दूध प्यावे आणि तीन तासांत वार पडावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. चीक पहिल्या ६ ते ८ तासांत मिळणे इष्ट. सुमारे २४ तासांनंतर शिंगराच्या आतड्यांतून प्रतिपिंडे शोषली जात नाहीत. घोडी पाजू देत नसेल, तर तिला धरून ठेवून शिंगराला पाजतात. तेही न जमल्यास चीक काढून बाटलीने देतात.