माथेरान : शोध व वसाहत

रायगड जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण. कर्जत तालुक्यात, पनवेलच्या पूर्वेस. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०० मी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या डोंगराचा हा सपाट माथा. खाली बेसॉल्टचे थर, वर जांभा, कडेने उभे कडे आणि त्यांना चिरत उतरणाऱ्या घळी. वर चढायचे ते बहुधा याच घळींतून, म्हणून माथेरानच्या वसाहतीचा इतिहास हा बराचसा वाटांचा इतिहास आहे. पश्चिमेकडे पनवेल तालुक्यातील प्रबळगड दिसतो. मधल्या खोऱ्यातून गाढी नदी पनवेलकडे जाते. 

मे १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामास असताना वन ट्री हिलजवळच्या घळीने माथ्यावर चढला आणि परतताना रामबागेच्या बाजूने उतरला. तो चौकला असणे स्वाभाविक होते. त्या काळी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी मचव्याने पनवेल बंदरात उतरे आणि चौक, खोपोली करत बोरघाट चढे. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. पनवेलही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. हमरस्त्यावरच्या तळावरून रोज दिसणारा डोंगर एखाद्या हौशी अधिकाऱ्याने चढून पाहिला, एवढीच ही मोहीम. तिला साहसकथेचा रंग पुढच्या प्रवासपुस्तिकांनी दिला. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा या रानात आधीपासून वावर होता, त्यांच्या पायवाटा होत्या. मॅलेटचे श्रेय वेगळे : हवा आणि पाणी पाहून त्याने इथे राहण्याची सोय होऊ शकते हे सरकारच्या गळी उतरवले, आणि स्वतः घर बांधले. ‘बाइक’ हे त्याचे घर आणि कॅप्टन बार याचे ‘बार हाउस’ ही सर्वांत जुन्या बंगल्यांपैकी. दोन्ही वास्तूंचा पुढे हॉटेल म्हणून वापर झाला. एका झऱ्याला मॅलेटचे नाव आहे.

वसाहतीला खरा जोर आला तो गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द १८५३–६०) याच्या काळात. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली, पायथ्याशी नेरळला स्थानक झाले आणि माथेरानचे तोंड फिरले. चौक व पनवेलची बाजू मागे पडली. नेरळहून रस्ता तयार झाला. पुढे मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ–माथेरान ही दोन फुटी रेल्वे बांधली. काम १९०४ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली. सुमारे २१ किमी.च्या या मार्गाची वळणे पाहिली, की ती आखणाऱ्यांनी डोंगराशी किती पडते घेतले ते कळते. नगरपालिका १९०५ ची.

बंगल्यांच्या मालकांची नावे मागे राहिली. वसाहत चालवली ती मात्र पालखीचे भोई, हमाल, घोडेवाले, न्हावी आणि दुकानदार यांनी. नोंदींत त्यांना जागा कमी. या वस्तीतले सर्वांत मोठे नाव न्हावी कुटुंबातले : माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले, वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल. ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिगटाचे हे नेते २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

२००३ मध्ये माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. नेरळकडून येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पनवेलच्या बाजूने माथ्यापर्यंत गाडीरस्ता नाही. तिकडून धोदाणीहून पायी चढावे लागते.